प्लग-कॉइल बदलल्यावर गाडी मिसिंग करते? आधी हे पाहा

ताईंनो, आता बऱ्याच गटांकडे आणि ग्रामसंघांकडे स्वतःची गाडी आहे. कुणी आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजनेतून घेतली, कुणी बँकेच्या कर्जातून. गाडी उभी राहिली तरी हप्ता थांबत नाही. म्हणून हा धडा गाडी चालवणाऱ्या ताईसाठी तर आहेच, पण सचिव आणि कोषाध्यक्ष ताईंनीही वाचावा. गॅरेजचं बिल शेवटी त्यांच्यासमोरच येतं.

हे सगळं पेट्रोल आणि सीएनजी गाडीबद्दल आहे. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतोच, तिथे दाबाने तापलेल्या हवेत डिझेल पेटतं. डिझेल गाडीच्या बिलात ‘स्पार्क प्लग’ दिसला तर तिथेच थांबून विचारा.

पेट्रोल गाडीत कॉइल बॅटरीचे १२ व्होल्ट वाढवून हजारो व्होल्ट करते आणि प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते. चार सिलिंडर असतील तर साधारण प्लगही चार. त्यातला एक जरी नीट पेटला नाही तर गाडी थरथरते, चढाला दम टाकते, इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. यालाच मिस्त्री ‘मिसिंग’ म्हणतात.

आता समजा, तुम्ही प्लग किंवा कॉइल बदलून घेतली आणि गाडी पहिल्यापेक्षा वाईट चालायला लागली. मिस्त्री म्हणतो, “इंजिनच खोलावं लागेल.” लगेच हो म्हणू नका. काल बरी चालणारी गाडी काम झाल्यावर बिघडली, तर आधी जिथे हात लागला तिथेच दोष शोधायचा. इंजिन आतून एका रात्रीत झिजत नाही.

सगळ्यात आधी कॉइलचे सॉकेट ‘टक्’ असा आवाज येऊन बसलेत का ते पाहायला सांगा. ज्या गाड्यांत कॉइलपासून प्लगपर्यंत वायरी जातात, तिथे दोन वायरींची अदलाबदल होणं अगदी नेहमीचं. पुष्कळ चार सिलिंडर इंजिनांत पेटण्याचा क्रम १-३-४-२ असतो, तो चुकला की गाडी झटके मारते. काम करताना हवेचा एखादा पाइप निघालेला असतो, तोही पाहा. मग प्लगचा नंबर गाडीच्या पुस्तकाशी जुळवा. टोकाची फट पुस्तकात दिल्याप्रमाणेच हवी. पांढऱ्या चिनी मातीला बारीक तडा गेला असेल तर नवा प्लगही बाद. प्लग सैल राहिला तर दाब निसटतो, जास्त आवळला तर हेडचे आटे जातात, आणि आट्यांचं काम महागात पडतं.

सीएनजीला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते. पेट्रोलवर नीट आणि गॅसवर मिसिंग असं असेल तर आधी प्लग-कॉइलवर संशय घ्या, गॅसकिटवर नंतर.

एवढ्याने जमलं नाही तर स्कॅनर लावायला सांगा. ‘पी ०३०३’ आलं म्हणजे तिसरा सिलिंडर मिसिंग करतोय. प्रत्येक प्लगला वेगळी कॉइल असेल तर तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर लावून बघायची. दोष पहिल्यावर गेला तर कॉइलच खराब. नवी आहे म्हणून चांगलीच असेल असं नाही, नकली मालही फार येतो. दोष तिसऱ्यावरच राहिला तर प्लग, इंजेक्टर आणि मग कॉम्प्रेशन तपासणी. दाब कमी निघाला तरच इंजिन खोलण्याची चर्चा.

ही कामं इंजिन बंद आणि गार असताना करायची. काही मिस्त्री चालू इंजिनात वायर ओढून बघतात. तुम्ही करू नका, जबर शॉक बसतो. पिवळा दिवा लुकलुकत असेल तर “एवढा बाजार करून येऊ” म्हणून गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन तिथला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो, आणि तो प्लगच्या कितीतरी पट महाग असतो.

जुने प्लग मागून घ्या, गॅरेजवर सोडू नका. टोक फिकट तपकिरी असेल तर जळण ठीक होतं. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. तेलकट ओलं असेल तर आत ऑइल येतंय, आणि अशा वेळी मिस्त्रीचं इंजिनाबद्दलचं म्हणणं नीट ऐकून घ्या. कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा ते चिकटपट्टीवर लिहून ठेवा. बिलावर पार्टचा नंबर, तारीख आणि किलोमीटर लिहून घ्या, आणि तेच गाडीच्या नोंदवहीत उतरवा.