सालीचे मोल

(झाडाची साल औषधी असेल तर ती काढावी की नाही? काढायची तर किती आणि कशी? आफ्रिकेतील एका झाडाची हकिकत या पाठात सांगितली आहे.)

बदाम, जर्दाळू आणि आलुबुखार ही फळे तुम्हांला माहीत आहेत. यांच्याच कुळातील एक उंच झाड आफ्रिकेच्या डोंगराळ, थंड भागांत वाढते. त्याला 'आफ्रिकन चेरी' म्हणतात. त्याचे पान चुरगळले, की कडू बदामासारखा वास येतो. हे झाड सावकाश मोठे होते. बी रुजल्यापासून फळे धरायला पंधरा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागू शकतो.

मध्य आफ्रिकेत कॅमेरून नावाचा देश आहे. तेथील डोंगरांत राहणारे लोक या झाडाचा पूर्वीपासून उपयोग करीत आले आहेत. ताप आला, की ते याच्या सालीचा काढा पितात. याच्या टणक लाकडाचे कुऱ्हाडीला व कुदळीला दांडे करतात. घरापुरती थोडी साल काढल्याने झाडाला फारसा धोका नसे.

पुढे ही साल परदेशात पोहोचली. म्हाताऱ्या पुरुषांना लघवीचा जो त्रास होतो, त्यावर सालीचा अर्क दिला जाऊ लागला. 1966 साली फ्रान्समध्ये या औषधाचे पेटंट घेण्यात आले. युरोपात मागणी वाढली आणि कॅमेरूनच्या जंगलांतून साल भरभरून जाऊ लागली.

साल काढण्याचा एक नियम होता. खोडाच्या चार बाजू धरायच्या. त्यांपैकी समोरासमोरच्या दोनच बाजूंची साल काढायची. उरलेल्या दोन बाजूंना चार-पाच वर्षे हात लावायचा नाही. तोवर सोललेल्या जागी नवी साल येत असे. लहान झाडे तर सोलायचीच नाहीत.

या नियमामागे कारण आहे. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या भागातून मुळांकडे जाते. दोन बाजूंची साल राहिली, तर ही वाट चालू राहते. खोडाभोवतीची सगळी साल काढली, तर मुळांची उपासमार होते. झाड लगेच पडत नाही. आधी शेंडा वाळतो, मग फांद्या वाळतात आणि शेवटी झाड मरते. कोयता खोल लागला, तर सालीखालचा ओलसर थर जखमी होतो. मग नवी साल नीट येत नाही.

1985च्या सुमारास साल काढण्याचे परवाने अनेकांना मिळाले. सालीचे पैसे वजनावर मिळत. गरीब माणसापुढे घरखर्चाचा आणि मुलांच्या फीचा प्रश्न असे. "आज मी अर्धी साल ठेवली, तर उद्या दुसरा कोणी ती नेईल," असे प्रत्येकाला वाटे. मग झाडे पूर्ण सोलली गेली. काही तर सालीसाठी तोडली गेली. गरज खरी होती. पण जंगल सर्वांचे आणि राखणारा कोणीच नाही, अशी स्थिती झाली.

यात आणखी एक नुकसान होते. जास्त साल मोठ्या झाडांवर मिळते आणि भरपूर बीही मोठीच झाडे देतात. ती मेली, की रोपे उगवणार कशी? पक्षी आणि माकडे यांचे खाद्यही कमी होते. एक माणूस काही तासांत झाड सोलतो. पण त्याच्या जागी दुसरे झाड उभे राहायला एक पिढी जाते.

1995 साली हे झाड 'साइटिस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आले. त्यामुळे परवान्याशिवाय साल परदेशी पाठवता येईना. 2007 साली युरोपीय संघाने कॅमेरूनमधून येणारी साल काही काळ थांबवली. त्यानंतर आधी जंगलातील झाडे मोजावीत आणि मगच किती साल काढायची ते ठरवावे, असा आग्रह धरण्यात आला. अनेक शेतकऱ्यांनी आपल्या शेतांतही ही झाडे लावली. स्वतः लावलेले झाड माणूस सहसा मरू देत नाही.

मुलांनो, झाडापासून काही घेणे हा गुन्हा नाही. मात्र झाडाला जगण्यापुरते ठेवून मगच घ्यावे. आज सोडलेली अर्धी साल हीच उद्याची कमाई आहे.

शब्दार्थ
हकिकत – घडलेली गोष्ट
काढा – औषधी वनस्पती उकळून केलेले पाणी
अर्क – सत्त्व
उपासमार – अन्नावाचून होणारे हाल
पिढी – आजोबा, वडील, मुलगा यांतील प्रत्येक टप्पा

स्वाध्याय
1. खोडाभोवतीची सगळी साल काढली, तर झाड का मरते?
2. लोकांनी नियम का मोडला? त्यांच्या जागी तुम्ही असता, तर काय केले असते?
3. 'साल' या शब्दाचे दोन अर्थ पाठातून शोधा व प्रत्येकाचे एक वाक्य लिहा.