आधी दाबून बघ, मग लिही

ऑडिओ प्लेअरच्या कमांड आणि शॉर्टकट मराठीत लिहून काढायचं काम तू अंगावर घेतलंस, ऐकून फार बरं वाटलं. तुझ्या आत्याची बरीच वर्षं ध्वनिफितींवरून ओव्या उतरवून घेण्यात गेली. उजव्या हातात पेन, डावा हात कीबोर्डवर आणि कान ओव्या गाणाऱ्या बाईच्या आवाजात. अशा वेळी माउस शोधायला हात उचलला की ओळ निसटलीच. म्हणून सांगते, शॉर्टकटचा एक नीट लिहिलेला कागद माणसाचे दिवसच्या दिवस वाचवतो, आणि चुकीचा लिहिलेला तेवढेच खातो. तू एमपीव्ही या प्लेअरबद्दल लिहिणार आहेस. मीही तोच वापरते, म्हणून उदाहरणं त्याचीच देते. कमांड इथे देवनागरीत लिहिते आहे; टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या, हे तुला ठाऊकच आहे.

दाबल्याशिवाय एकही ओळ लिहू नकोस

आठवणीवर विसंबू नकोस, दुसऱ्या प्लेअरच्या सवयीवर तर मुळीच नको. जुन्या एमप्लेअरमध्ये उजवा बाण १० सेकंद पुढे नेतो. एमपीव्ही त्याच्याच घराण्यातला, पण त्याचा उजवा बाण ५ सेकंदच नेतो. व्हीएलसीत १० सेकंदांसाठी ऑल्ट आणि उजवा बाण दाबावा लागतो. वरचा बाण आवाज वाढवत असेल असं बहुतेकांना वाटतं. एमपीव्हीत तो १ मिनिट पुढे उडी मारतो. आवाज कमी करायला ९ आणि वाढवायला ० आहे.

तपासताना प्लेअर '--नो-कॉन्फिग' हा ऑप्शन देऊन सुरू कर. आपल्या मशीनवर आपणच कधीतरी बदललेल्या सेटिंग असतात आणि त्या आपण विसरलेलो असतो. तुझ्याकडे चालणारी कळ वाचणाऱ्याकडे चाललीच नाही, तर त्याचा तुझ्या साऱ्या कागदावरचाच विश्वास उडेल. नव्या आवृत्त्यांत प्रश्नचिन्ह दाबलं की सध्या चालू असलेल्या कळांची यादी पडद्यावर येते. तिच्याशी तुझी यादी ताडून बघ.

कळांची यादी नको, कामांची यादी दे

ए पासून झेडपर्यंत लावलेली यादी ज्याला आधीच माहिती आहे त्याच्या उपयोगाची. नवा माणूस कळ शोधत येत नाही, तो अडचण घेऊन येतो: 'शेवटचे चार शब्द कळले नाहीत, मागे कसं जाऊ?' म्हणून मथळे कामांचे दे. थांबवणं, मागे-पुढे जाणं, हळू करणं, तेवढाच तुकडा पुन्हा ऐकणं, उद्या इथूनच सुरू करणं.

'तेवढाच तुकडा पुन्हा' कसा लिहायचा ते बघ. 'एल : ए-बी लूप' एवढ्याने कुणालाच काही उमगत नाही. असं लिही: 'ओवी सुरू होते तिथे एल दाबा. ओवी संपली की पुन्हा एल दाबा. आता तेवढीच ओवी फिरून फिरून ऐकू येईल. उतरवून झाली की तिसऱ्यांदा एल दाबा, म्हणजे प्लेअर पुढे जाईल.' जागा थोडी जास्त लागते. लागू दे.

कळ वेगळी, बटण वेगळं

'की दाबली की गाणं थांबतं' हे वाक्य मोठ्याने वाच. पहिली 'की' कुठली आणि दुसरी कुठली? म्हणून कीबोर्डवर असते ती 'कळ' आणि पडद्यावर असतं ते 'बटण', असं पहिल्याच पानावर ठरवून टाक आणि शेवटपर्यंत मोडू नकोस. तसंच 'थांबवणं' आणि 'बंद करणं' यांचं. स्पेस दाबली की आवाज थांबतो आणि पुन्हा दाबली की तिथूनच सुरू होतो. क्यू दाबलं की प्लेअरच बंद होतो.

मोठ्या-लहान अक्षरांचा घोळ तर हमखास होतो. कीबोर्डवर सगळी अक्षरं मोठीच छापलेली असतात. तू नुसतं मोठं एल लिहिलंस तर वाचणारा साधं एल दाबणार, आणि एमपीव्हीत त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिफ्टसह एल दाबलं की अख्खी फाइल सतत फिरत राहते. शिफ्टसह क्यू दाबलं की प्लेअर जागा लक्षात ठेवून बंद होतो आणि तीच फाइल पुन्हा उघडली की तिथूनच सुरू करतो. म्हणून दर वेळी 'शिफ्ट + एल' असं पूर्ण लिही.

आकडा लिहिलास तर त्याचा अर्थही लिही

डावा चौकटी कंस दाबला की वेग कमी होतो. 'दर वेळी १० टक्के' असं लिहून मोकळं होता येईल, पण हिशोब तसा नाही. दर वेळी चालू वेगाला १.१ ने भागलं जातं. म्हणजे १ चे आधी ०.९१, मग ०.८३, मग ०.७५. 'तीनदा दाबा, वेग पाऊणपट होईल' हे वाक्य माणसाच्या कायम लक्षात राहतं. बॅकस्पेस दाबलं की वेग पुन्हा मूळ जागी येतो, हे त्याच्याच खाली लिही, दोन पानं सोडून नको.

संगीत शिकणाऱ्यांसाठी आणखी एक ओळ घाल. वेग कमी केला तरी एमपीव्ही सूर खाली उतरू देत नाही. ही सोय मुळातच चालू असते. ती बंद करून वेग ०.७५ केला, तर मध्य सप्तकातला सा थेट मंद्र पंचमावर जाऊन बसतो. तान उलगडून बघणाऱ्या विद्यार्थ्याला हा फरक आधीच सांगायला हवा. आणि आवाज १३० पर्यंत चढवता येतो, पण मूळ पातळी १०० ची. त्यापुढे आवाज फाटू शकतो, हेही सांग.

कमांड जशी टाइप करायची तशीच छापून दे

एकदा मी सगळ्या कमांड वर्ड प्रोसेसरमध्ये सुबक मांडून दिल्या. दुसऱ्या दिवशी एकीचाही निभाव लागला नाही. त्या प्रोग्रॅमने दोन छोट्या डॅशची परस्पर एक लांब डॅश करून टाकली होती आणि सरळ अवतरणचिन्हं वळवली होती. डोळ्यांना फरक कळत नाही, संगणकाला कळतो. तेव्हापासून कमांड मी साध्या टेक्स्ट फाइलमध्येच ठेवते आणि छापून आल्यावर तिथूनच कॉपी करून चालवून बघते.

ऑप्शन सुटे सुटे समजावून सांगितलेस तरी शेवटी एक आख्खी, चालणारी ओळ दे. उदाहरणार्थ: एमपीव्ही --नो-व्हिडिओ --स्टार्ट=१२:३० --लेंग्थ=४० --स्पीड=०.७५ "आजीच्या ओव्या.एमपी३". तिच्याखाली साध्या मराठीत लिही: 'चित्र दाखवू नको, साडेबाराव्या मिनिटापासून ४० सेकंदांचा तुकडा पाऊण वेगाने ऐकव.' फाइलच्या नावात मोकळी जागा असेल तर ते नाव अवतरणचिन्हांत ठेवावंच लागतं, नाहीतर संगणक 'आजीच्या' आणि 'ओव्या.एमपी३' अशा दोन फाइली शोधत बसतो. मॅन्युअलमध्ये चौकटी कंसात लिहिलेला भाग ऐच्छिक असतो, कंस टाइप करायचे नसतात. हेही एकदा सांगून टाक.

मराठीत टाइप करणाऱ्याचा हात आठव

इंग्रजी पुस्तिकांत हे सापडणार नाही, ते तुलाच लिहायचंय. इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू असताना पी ची कळ दाबली की ज उमटतो आणि एम ची दाबली की स. प्लेअर वाट बघत असतो पी किंवा एम ची, त्याच्याकडे पोचतो ज किंवा स. मग पुष्कळदा काहीच घडत नाही आणि माणसाला वाटतं प्लेअर बिघडला. उपाय लिही: एकतर भाषा बदला, नाहीतर एमपीव्हीच्या इनपुट.कॉन्फ या फाइलमध्ये 'स सायकल म्यूट' आणि 'ज सायकल पॉज' अशा ओळी घाला. त्यातलं पहिलं अक्षर देवनागरीतच ठेवायचं, पुढचे शब्द रोमनमध्ये. देवनागरी अक्षर एमपीव्हीला चालतं.

आणि कळ कोणाकडे जाते तेही सांग. मी वहीत लिहायचे, तू संगणकावरच उतरवून घेशील. एडिटर समोर असताना स्पेस दाबलीस तर एडिटरमध्ये जागा सुटेल, आवाज थांबणार नाही. आधी ऑल्ट + टॅब दाबून प्लेअरवर जायचं. प्लेअरची स्वतःची खिडकी नसेल तर तो कळा टर्मिनलमध्ये ऐकतो, म्हणून टर्मिनलवर जायचं.

ज्याला दिसत नाही तोही वाचणार आहे

शॉर्टकटची खरी गरज अंध माणसाला. त्याचा कागद स्क्रीन रीडर वाचतो, आणि चौकटी कंसासारखं चिन्ह तो पुष्कळदा न उच्चारताच पुढे जातो. मग 'वेग कमी करण्यासाठी दाबा' एवढंच कानावर पडतं. म्हणून चिन्हाशेजारी त्याचं नाव लिही आणि जागाही सांग: 'डावा चौकटी कंस, पी च्या उजवीकडची कळ.' 'चित्रात दाखवल्याप्रमाणे' हे शब्द तर वापरूच नकोस.

जे चालत नाही तेही लिही

युनिक्सची पहिली पुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ ची. तीत नाव, वापर, वर्णन यांच्या जोडीला 'बग्स', म्हणजे दोष, असाही मथळा होता. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी आपणच घडवलेल्या प्रणालीच्या उणिवा त्याच पुस्तिकेत मांडल्या. तूही मांड. आणि वर आवृत्तीचा क्रमांक व तपासल्याची तारीख टाक. '--व्हर्शन' दिलं की क्रमांक मिळतो. आवृत्ती बदलली की कळाही बदलू शकतात.

एवढं झालं की कागद अशा कुणाच्या तरी हातात दे ज्याने हा प्लेअर कधी उघडलेला नाही. त्याच्या मागे बस आणि तोंड मिटून बघ. 'अहो, तसं नाही, असं' हे शब्द जिभेवर येतील. ते गिळ आणि त्याचा हात कुठे अडतो तिथे पेन्सिलीने खूण कर. जिथे हात अडला तिथलं वाक्य पुन्हा लिहायचं.

पहिला खर्डा झाला की माझ्याकडेच घेऊन ये. एक फीत अजून उतरवायची राहिली आहे. तुझा कागद समोर ठेवून मी ती लावते, तू पेन्सिल घेऊन शेजारी बस.