चेहऱ्यावरील लाली आणि त्वचेतील कोळी : एक आरोग्यपाठ

कपाशीवर किंवा वांग्यावर पडणारा लाल कोळी औंढा परिसरातील शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. जनावराच्या अंगावरील गोचीडही सर्वांच्या परिचयाचा आहे. याच आठ पायांच्या कुळातील दोन जाती माणसाच्या चेहऱ्यावर राहतात, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. डेमोडेक्स फॉलिक्युलोरम ही जात केसांच्या मुळाशी, तर डेमोडेक्स ब्रेव्हिस ही तेलग्रंथींत राहते. लांबी अर्ध्या मिलिमीटरहून कमी असल्याने हे कोळी नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. बर्लिनचे वैद्य गुस्ताव सिमॉन यांनी १८४२ साली त्यांचे सविस्तर वर्णन केले. नवजात बालकाच्या त्वचेवर ते नसतात; निकट सहवासातून येतात आणि प्रौढ वयात जवळजवळ प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आढळतात. बहुतेकांना त्यांचा कसलाही त्रास होत नाही.

रोझेशियाची ओळख

गाल, नाक, कपाळ व हनुवटी वारंवार लाल होणे, आग होणे आणि बारीक पुटकुळ्या उठणे ही रोझेशिया या विकाराची लक्षणे होत. तो बहुधा तिशीनंतर दिसू लागतो. पुटकुळ्या मुरुमांसारख्या दिसल्या, तरी मुरुमांतील काळे-पांढरे कण यात नसतात. आपल्या सावळ्या त्वचेवर लाली झाकली जाते. त्यामुळे "ऊन लागले" किंवा "उष्णता वाढली" असे म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. काहींच्या डोळ्यांची आग होते, पापण्यांच्या कडा सुजतात. अशा वेळी दुर्लक्ष केल्यास बुबुळाला इजा होऊ शकते. कडक ऊन, चुलीची धग, हळद शिजविताना तोंडावर येणारी वाफ, गरम चहा, तिखट जेवण, मद्य आणि मानसिक ताण यांनी हा विकार उफाळतो.

कोळ्यांचा वाटा किती?

रोझेशियाच्या रुग्णांच्या त्वचेवर या कोळ्यांची संख्या निरोगी माणसांपेक्षा पुष्कळ अधिक आढळते. त्यांच्या शरीराचे कवच आणि त्यांच्यासोबतचे जिवाणू यांमुळे त्वचेची संरक्षणव्यवस्था चेतते व दाह वाढतो, असे अनेक संशोधक मानतात. परंतु कोळी वाढल्यामुळे विकार होतो, की बिघडलेल्या त्वचेत कोळ्यांना वाढायला आयती संधी मिळते, हा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. मेट्रोनिडाझोल हे औषध कोळ्यांची संख्या फारशी न घटविताही लक्षणे कमी करते. म्हणून कोळी हे एकमेव कारण नव्हे, तर अनेक कारणांपैकी एक, असे समजणे युक्त ठरते.

उपचार

आयव्हरमेक्टिन हे औषध ज्या संशोधनातून आले, त्याबद्दल सातोशी ओमुरा व विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचे १ टक्का मलम कोळी कमी करते आणि दाहही शमविते. याशिवाय अझेलाइक आम्ल, मेट्रोनिडाझोलचे जेल व डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वापरल्या जातात. यातले काय, किती व किती दिवस घ्यावे, हे त्वचारोगतज्ज्ञानेच ठरवावे. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात असा सल्ला मिळू शकतो. उन्हात जाताना चेहरा सुती कापडाने झाकणे आणि सौम्य साबण वापरणे हे तर आपल्याच हाती आहे. लिंबू लावणे, बेसन खरखरून घासणे असे घरगुती उपाय टाळावेत.

मलमाची घाई

खरा धोका वेगळाच आहे. गोरेपणासाठी अथवा खाज थांबविण्यासाठी दुकानातून परस्पर आणलेल्या अनेक मलमांत स्टेरॉइड असते. चार दिवस चेहरा उजळल्यासारखा वाटतो. पुढे त्वचा पातळ होते, तिची प्रतिकारशक्ती मंदावते आणि कोळ्यांना मोकळे रान मिळते. मलम थांबविताच लाली व पुटकुळ्या दुपटीने उसळतात, म्हणून माणूस पुन्हा तेच मलम लावतो. केंद्र शासनाने २०१८ साली अशी अनेक मलमे केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकण्याच्या यादीत घातली, ती याच कारणासाठी. मुलीचा सावळा रंग हे दुखणे नाही. त्यावर औषध शोधणेच दुखण्याला आमंत्रण देते.

खरूज वेगळी

वसतिगृहातील पालकांनी एक भेद ध्यानी घ्यावा. खरूज करणारा कोळी निराळा. तो त्वचेत बिळे करतो व सहवासाने पसरतो. तेथे एकट्या मुलावर उपचार करून भागत नाही. सोबत राहणाऱ्या सर्वांवर एकाच वेळी उपचार करावे लागतात आणि कपडे-अंथरुणे गरम पाण्यात धुवावी लागतात. रोझेशियात यांपैकी कशाचीही गरज नाही.

स्पर्शावरून माणसाचे मोल ठरविण्याची रीत आपल्या पूर्वजांनी सोसली आहे. म्हणून चेहऱ्यावर पुटकुळ्या आलेल्या कोणाचे ताट वेगळे मांडणे आपल्या घरात तरी घडू नये. खरजेच्या मुलालाही उपचार हवेत, हेटाळणी नको. रोझेशिया अस्वच्छतेमुळे होत नाही. तो पुन्हा पुन्हा उद्भवू शकतो, परंतु योग्य उपचारांनी आटोक्यात राहतो. आमच्या माजी विद्यार्थ्यांनी ही माहिती आपापल्या गावी पोहोचवावी, एवढीच अपेक्षा.