मिसळीच्या कटावरून हद्दवाढीवर

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही विदर्भातून उचगावात राहायला आलो आहोत. घराजवळच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी मंडळी बसतात. बोलणे सुरू होते मिसळीच्या कटापासून, मग टीव्हीवरची मालिका येते, मग गोकुळ, मग हद्दवाढ, आणि शेवटी कुणाच्या तरी दारातले तुंबलेले गटार. एका विषयावरून दुसऱ्यावर ही माणसे कशी जातात तेच कळत नाही. या गप्पांतून काही निष्पन्न होते का? आणि बाहेरून आलेल्या माणसाने त्यात बसावे की लांबूनच ऐकावे?
– एक वाचक, उचगाव (ता. करवीर)

उत्तर : बसावे. हे आधी सांगून टाकतो, कारणे मागून.

तुम्हाला जे पाच विषय वाटतात, ते कट्ट्यावरच्या माणसाच्या लेखी पाच नाहीतच. दूध घ्या. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस डोळ्यांसमोर पिळून धारोष्ण दुधाचा पेला हातात देतात. तालमीतल्या पैलवानाला ते लागतेच, पण सहज फिरायला निघालेला माणूसही तिथे थांबतो. म्हणजे दूध हा खाण्यापिण्याचा विषय झाला. पण करवीर तालुक्यातल्या ज्या घरात दोन म्हशी आहेत, त्या घराचा बाजारहाट दर दहा दिवसांनी येणाऱ्या दूधबिलावर चालतो आणि दिवाळी दूधफरकाच्या रकमेवर. फॅट किती लागली, पेंडीचे पोते कितीला मिळाले, यावर बोलणारा माणूस पुढच्याच वाक्यात गोकुळवर, म्हणजे जिल्ह्याच्या दूध संघावर येतो, कारण दर तिथे ठरतो. 1963 साली स्थापन झालेल्या या संघाच्या निवडणुकीत म्हैस राखणारा प्रत्येक जण मत देत नाही. गावच्या दूध संस्थेने ज्याच्या नावाने ठराव केला असेल, तो मत देतो. म्हणून ‘ठराव कुणाच्या नावावर झाला?’ हा प्रश्न कट्ट्यावर आमदारकीच्या तिकिटाइतक्याच गांभीर्याने विचारला जातो. 2018 साली गोकुळ मल्टिस्टेट (बहुराज्य सहकारी संस्था) करण्याचा विषय निघाला तेव्हा जिल्ह्यातल्या गावोगावी त्यावर वाद झाले. 2021 मध्ये सतेज पाटील आणि हसन मुश्रीफ यांच्या आघाडीने 21 पैकी 17 जागा घेऊन महादेवराव महाडिकांच्या गटाची सत्ता घालवली, आणि तीच पाटील-महाडिक घराणी उचगाव ज्या कोल्हापूर दक्षिण विधानसभा मतदारसंघात आहे तिथेही समोरासमोर असतात. 2014 ला अमल महाडिक निवडून आले, 2019 ला ऋतुराज पाटील, 2024 ला पुन्हा अमल महाडिक. आता सांगा, चहात दूध किती घालायचे इथून निघालेला माणूस आमदारकीपर्यंत पोचला तर त्याने विषय कुठे बदलला?

मिसळीचे थोडक्यात सांगतो, कारण त्यावर कट्ट्यावर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ऐकायला मिळेल. इथे मिसळीबरोबर पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइस येतात आणि कट पुन्हा मागायचा असतो. फडतरे, चोरगे, बावडा मिसळ यांतली कोणती चांगली, याचा निकाल लागत नाही आणि तो लागावा अशी कुणाची इच्छाही नाही. नवख्या माणसाला तोंड उघडण्यासाठी याहून सोपा विषय नाही. ‘तुमच्याकडं सावजी म्हंजे कसं असतंय, सांगा की’ असे कुणी ना कुणी विचारीलच. मग तुम्ही बोला.

मालिकेचे मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण उचगावच्या आसपास टीव्ही हा दूरचा विषय राहिलेला नाही. 2016 साली झी मराठीवर ‘तुझ्यात जीव रंगला’ सुरू झाली आणि तिचे चित्रीकरण करवीर तालुक्यातल्याच वसगडे गावी झाले. पैलवान नायक, शाळेत शिकवणारी नायिका, आणि बोली आपल्या घरातली. मालिकेतला वाडा बघायला लोक लांबून गाड्या करून आले. कट्ट्यावर रोज बोलले जाणारे ‘चालतंय की’ सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी गेले. मोरेवाडीच्या चित्रनगरीत पुढे ज्योतिबाची मालिका उभी राहिली. बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी ज्या कोल्हापुरात ‘सैरंध्री’ चित्रपट केला, तिथल्या लोकांना कॅमेऱ्याचे अप्रूप नसते, कामाची पारख असते. म्हणून इथल्या गप्पांत मालिकेची गोष्ट कमी आणि ‘ह्यो शब्द आपल्यात असा म्हणत न्हाईत’ हे जास्त ऐकू येते. नट लंगोट कसा कसतो, म्हशीजवळ कुठल्या अंगाने जातो, यावरही शेरे असतात. मला हे फार मोलाचे वाटते. आपली बोली पडद्यावर चुकीची बोलली जाते तेव्हा ती कुणीतरी दुरुस्त करायला हवी, आणि ते काम इथे फुकट चालू आहे.

आता हद्दवाढ, म्हणजे उचगावसारखी गावे कोल्हापूर महापालिकेत घेणे. उचगावच्या कट्ट्यावर हा शब्द दरवर्षी येतो, आणि तो ऐकला की आवाज चढतात. कोल्हापूरची नगरपालिका 1854 ची, महानगरपालिका 15 डिसेंबर 1972 ची. शहराची हद्द त्यानंतर वाढलेलीच नाही. क्षेत्र सुमारे 67 चौरस किलोमीटर, आणि शहर तर केव्हाच त्याबाहेर सांडले आहे. तावडे हॉटेलपासून उचगावकडे येताना शहर कुठे संपले हे दाखवणारी रेघ डोळ्यांना दिसत नाही. शहरातला माणूस म्हणतो, केएमटीची बस तुमच्याकडे येते, दवाखाना, कॉलेज, बाजार आमच्याकडे, मग हद्दीबाहेर का? शहराला मोठ्या योजनांचा निधी लोकसंख्येवर मिळतो, तो आमचा बुडतो. उचगावातला माणूस म्हणतो, आधी तुमच्या उपनगरांना पुरेसे पाणी द्या. घरफाळा वाढणार, शेतीवर आरक्षणे पडणार, आणि आज सरपंचाला दारात अडवून विचारता येते ते उद्या महापालिकेच्या कुठल्या खिडकीत विचारायचे? गावांचा विरोध एवढा होता की 2017 मध्ये हद्दवाढीऐवजी 42 गावांचे क्षेत्र विकास प्राधिकरण आले. त्याने कुणाचेच समाधान झाले नाही.

माझे मत विचाराल तर दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच हा विषय कट्ट्यावर इतका टिकला आहे. त्यातली एक गोष्ट नीट ऐका. विरोध करणारा आणि पाठिंबा देणारा एकाच बाकावर बसतात, वाद घालतात, एकाच किटलीतला चहा घेतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. मोबाइलवरच्या गटातून रागाने बाहेर पडता येते. कट्ट्यावरून उठून गेलेला माणूस मात्र त्याच गल्लीत राहतो.

निष्पन्न काय होते, हा तुमचा मधला प्रश्न. पावसाळा येऊ द्या, मग कळेल. जुलैत पाऊस लागला की खाणे, मालिका, निवडणूक सगळे बाजूला पडते आणि एकच प्रश्न उरतो : ‘पाणी किती फुटावर हाय?’ राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. राधानगरीचे दरवाजे किती उघडले, अलमट्टीतून विसर्ग किती क्युसेक, शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले का, याची जुळवाजुळव कट्ट्यावर होते. 2019 आणि 2021 या दोन्ही महापुरांत पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला होता. अशा वेळी कुणाच्या ट्रॅक्टरला डिझेल आहे, म्हातारी माणसे कुठल्या घरात आहेत, जनावरे कुठे हलवायची, ही माहिती रोज एकमेकांशी बोलणाऱ्या माणसांजवळच असते.

टोलचेही तसेच. शहरात शिरणाऱ्या रस्त्यांवर नाके बसले तेव्हा एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्या नेतृत्वाखाली काही वर्षे आंदोलन चालले आणि टोल अखेर रद्द झाला. नेते मोठे होते हे खरेच, पण मोर्चाला आलेली हजारो माणसे कुठल्या ना कुठल्या तालमीतून, कट्ट्यावरून आली होती. त्यांना पटवायला कुणाला घरोघर जावे लागले नाही, कारण महिनोन्‌महिने त्यांचे त्यावर बोलणे चालूच होते. 2025 मध्ये नांदणी मठाची महादेवी हत्तीण गुजरातला नेली तेव्हाही पक्ष न बघता जिल्हा उठला, तो याच वाटेने.

आता बाहेरून आलेल्या माणसाचे. कोल्हापुरात चहाला बसणे ही साधी गोष्ट कधीच नव्हती. पाण्याला शिवले म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना राजर्षी शाहू महाराजांनी चहाचे हॉटेल काढायला लावले, आणि स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेतला, बरोबरच्यांनाही घ्यायला लावला. कुणी कुणाशेजारी बसावे याचा निकाल त्यांनी त्या कपाने दिला. आपण स्वतःला त्या निकालाचे वारस म्हणवतो, तर आजच्या कट्ट्याकडे नीट बघावे लागेल. तिथे बायका दिसत नाहीत. त्यांच्या गप्पा गिरणीत, बचत गटाच्या बैठकीत, सकाळच्या डेअरीच्या रांगेत होतात, आणि घरफाळा असो की गटार, त्यांना जास्त नेमके माहीत असते. शिरोली एमआयडीसीत काम करणारी उत्तरेकडची पोरे भाड्याच्या खोल्यांत राहतात, तीही तिथे नसतात. हे बदलायला हवे असे मला मनापासून वाटते. बाहेरून आलेला माणूस या परिसराला नवा नाही. शेजारचे गांधीनगर बघा. तिथे वळिवड्याला 1943 पासून पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. ते गेल्यावर फाळणीत घरदार गमावलेले सिंधी लोक तिथे वसले आणि त्यांनी कापडाची एवढी मोठी पेठ उभी केली की तुमच्या कट्ट्यावरच्या निम्म्या अंगांवरचे शर्ट तिथलेच असतील.

तेव्हा उद्या जा. वयाने मोठे असतील त्यांना आण्णा, तात्या, मामा, जे बाकीचे म्हणतात तेच म्हणा. ‘या पावणं, बसा’ म्हटले की बसा, चहाला नको म्हणू नका, आणि पुढच्या खेपेचे पैसे तुम्ही द्या. पहिले काही दिवस कुठल्याही गटाचे नाव घेऊन बोलू नका, कारण शेजारी बसलेल्याचा मेहुणा कुठल्या पॅनेलमध्ये होता हे तुम्हाला अजून माहीत नाही. पत्नी बरोबर असेल तर तिलाही कट्ट्यावरचे बोलणे सांगा आणि डेअरीच्या रांगेत त्यावर काय म्हणतात ते विचारा. आणि त्या तुंबलेल्या गटाराचे : 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या सुमारास ग्रामसभा असते. तिची नोटीस ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते. त्याआधी कट्ट्यावरच्या पाच-सहा जणांच्या सह्या घेऊन अर्ज लिहा आणि ग्रामपंचायतीकडून पोच घ्या. अर्ज लिहायला कट्ट्यावर कुणी पुढे होत नाही, आणि नव्या माणसाने तो लिहिला तर त्याला कुणी नवा म्हणत नाही.