लॅपटॉप बंद करण्याआधी

मनू,

काल रात्री दीड वाजता फोन ठेवताना तू म्हणालीस, "ताई, झोप आता." पण मला कुठली झोप! एक गोष्ट सांगायची राहून गेली, म्हणून उजाडताच लिहायला बसलेय. लॅपटॉप अजून चालू असेल तर तसाच राहू दे. चार्जर लाव, आणि हे सगळं वाचून होईपर्यंत बंद करू नकोस, रीस्टार्टही करू नकोस. काल आपण जे केलं ते तेवढ्यापुरतंच होतं. आत्ता बंद केलास तर पुन्हा तीच काळी स्क्रीन येईल, तेच "ग्रब रेस्क्यू".

आधी तुझ्या मनातलं काढून टाकते. तू रडत रडत म्हणालीस, "सगळं गेलं गं, माझ्यामुळे गेलं." काहीही गेलेलं नाही. तुझं जर्नल, प्रोजेक्ट, फोटो, सगळं होतं तिथेच आहे. तू विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन रिकामी डी ड्राइव्ह उडवलीस, एवढंच झालं. लिनक्सला तू हातही लावला नव्हतास. मग लिनक्स का उघडेना, आणि विंडोजसुद्धा का नाही, हे एकदा नीट समजून घे. समजलं की भीती निम्मी होते, हे मी अनुभवाने सांगतेय.

हा लॅपटॉप जुना, माझ्याकडून तुझ्याकडे आलेला. त्याची डिस्क जुन्या पद्धतीने मांडलेली आहे. अशा डिस्कच्या अगदी सुरुवातीला ५१२ बाइट्सचा एक तुकडा असतो. त्यातले ६४ बाइट्स पार्टिशनच्या नोंदींना जातात, २ बाइट्स खुणेला. उरले ४४६. मराठीत लिहायला गेलं तर एवढ्या जागेत या पत्राच्या दोन-तीन ओळी मावतील. म्हणून ग्रब, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा बूटलोडर, आपला जरा मोठा भाग त्याच्या लगेच पुढच्या मोकळ्या जागेत ठेवतो, आणि बाकीचा संसार, म्हणजे तो मेनू, लागणारे मॉड्यूल, सगळं लिनक्सच्या पार्टिशनमध्ये, बूट फोल्डरच्या आत. सुरुवातीच्या भागाला फक्त पत्ता माहीत असतो. तुझ्या लॅपटॉपवर तो पत्ता होता "सहावं पार्टिशन".

आपल्या गावच्या वाड्याची देवडी आठव. समज, देवडीवरच्या गड्याला सांगून ठेवलंय, "सहाव्या खोलीतून किल्ल्या आण, मग दार उघड." तुझी डी ड्राइव्ह होती पाचवी खोली. ती पाडली तशी सहावीची पाचवी झाली, कारण या जुन्या पद्धतीत पाचपासून पुढचे आकडे ओळीने पडतात, मधलं काढलं की मागचे पुढे सरकतात. गडी जागाच आहे, इमानाने सहावी खोली शोधतोय, आणि ती सापडत नाही म्हणून सांगतोय: "नो सच पार्टिशन." त्याने खरं तेच सांगितलं. विंडोजचं दारही त्याच देवडीतून जातं, म्हणून तेही अडलं.

म्हणून काल तुला पहिल्यांदा फक्त एल आणि एस अशी दोन अक्षरं टाइप करायला लावली. कंसातल्या नावांची ती रांग आली, एचडी० वगैरे. डिस्क शून्यापासून मोजतात आणि पार्टिशन एकपासून, हे लक्षात ठेव, तिथे बरेच जण गोंधळतात. मग एकेकाच्या आत डोकावलो. पहिल्याला "अननोन फाइलसिस्टम" आलं आणि तू पुन्हा मुसमुसायला लागलीस. अगं, ते विंडोजचं होतं. रेस्क्यूमधल्या ग्रबला विंडोजची लिपी येत नाही, म्हणून तो अनोळखी म्हणतो. त्याचा अर्थ बिघडलंय असा नाही.  आणि मग पाचव्याच्या आत तू एकेक नाव वाचायला लागलीस, बिन, बूट, डेव्ह, होम... "होम" म्हणालीस तेव्हा इकडे माझा जीव भांड्यात पडला.

पुढचं सोपं होतं. "सेट प्रीफिक्स" लिहून बरोबरचं चिन्ह, कंसात एचडी०, स्वल्पविराम, एमएसडॉस५, कंस बंद, मग /बूट/ग्रब. म्हणजे गड्याला नवा पत्ता दिला. मग "इन्समॉड नॉर्मल", आणि शेवटी नुसतं "नॉर्मल". मेनू आला, लिनक्स सुरू झालं, तू हसलीस. पण हा पत्ता आपण तोंडी सांगितलाय. लॅपटॉप बंद झाला की तो विसरला जातो. तो लिहून ठेवायचं काम आज करायचं आहे.

ते सांगते, पण त्याआधी थोडं माझं. हे मी घरात कुणाशी फारसं बोललेली नाही.

तिसऱ्या वर्षाला होते. दिवाळीच्या सुट्टीत आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. तिला माइकची फार लाज वाटायची, म्हणून फोन पिठाच्या डब्याआड ठेवला होता. जात्याची घरघर, मध्येच तिचा खोकला, मध्येच "अगं मांजर हाकल", सगळं त्यात होतं. एकवीस फाइल्स. एक दिवस लॅपटॉप चालू केला तर काळी स्क्रीन, एक ओळ, आणि खाली लुकलुकणारी रेघ. माझ्या अंगातलं त्राणच गेलं. कॉलेजातला एक सीनियर म्हणाला, "डिस्क गेली, फॉरमॅट मारावा लागेल." त्याने ती ओळ वाचली नाही, मीही वाचली नाही. आपल्याला यातलं काय कळतं, असं म्हणत मी लॅपटॉप त्याच्या हातात दिला. संध्याकाळी लॅपटॉप अगदी नव्यासारखा परत आला. आत काहीच नव्हतं. पुढच्या संक्रांतीआधी आजी गेली.

बऱ्याच वर्षांनी कामावर एका मशीनवर तीच ओळ पुन्हा दिसली. नो सच पार्टिशन. दहा मिनिटांत ते मशीन उभं राहिलं, आणि मी जिन्यात जाऊन रडले. म्हणून काल तू म्हणालीस, "हॉस्टेलजवळच्या दुकानात टाकते उद्या," तेव्हा मी तुझ्यावर आवाज चढवला. राग नव्हता गं तो.

आता काम. टर्मिनल उघड आणि "एलएसबीएलके" दे. तुझी आतली डिस्क एसडीए आहे ना, ते आकारावरून बघ, कारण पेनड्राइव्ह लावलेला असला की तोही त्या यादीत दिसतो. मग "सुडो ग्रब-इन्स्टॉल", एक जागा सोडून /डेव्ह/एसडीए. एसडीएच्या पुढे आकडा घालायचा नाही. आकडा म्हणजे एक पार्टिशन, आणि देवडी आहे सगळ्या डिस्कची. "नो एरर रिपोर्टेड" असं आलं की "सुडो अपडेट-ग्रब". त्यात विंडोज सापडल्याची ओळ दिसली पाहिजे. नाही दिसली तरी विंडोज गेलं असं समजू नकोस. २०२१ मध्ये ग्रबची २.०६ आवृत्ती आली, तेव्हापासून दुसरी सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो. /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब या फाइलमध्ये "ग्रब डिसेबल ओएस प्रोबर" अशी अंडरस्कोरने जोडलेली ओळ मोठ्या अक्षरांत असते. तिच्यापुढे फॉल्स कर, ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह असेल तर ते काढ, ओळच नसेल तर तशी लिही, आणि पुन्हा अपडेट-ग्रब दे.

तुझ्या रूममेटच्या नव्या लॅपटॉपवर हे जसंच्या तसं चालवू नकोस. तिचा यूईएफआयचा, म्हणजे नव्या पद्धतीचा आहे. तिथे ४४६ बाइट्सची कसरत नाही. ईएफआय नावाचं एक छोटं वेगळं पार्टिशन असतं आणि दोन्ही सिस्टिमच्या फाइल्स त्यात शेजारी शेजारी नांदतात. तिचा लॅपटॉप मेनू न दाखवता थेट विंडोजमध्ये गेला, तर बहुतेक वेळा विंडोजच्या अपडेटने क्रम बदललेला असतो. सुरुवातीच्या सेटिंगमध्ये जाऊन उबंटू वर घेतलं की झालं.

एक मात्र तिला नक्की सांग. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर कितीतरी जणांचं लिनक्स उघडेनासं झालं होतं. "समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग" असं वाचून कुणाच्याही पोटात गोळा येईल. प्रत्यक्षात झालं होतं एवढंच, की सिक्युअर बूटने जुन्या बूटलोडरवर विश्वास ठेवणं बंद केलं. सिक्युअर बूट थोडा वेळ बंद करून, लिनक्समधून "मॉकयूटिल"ने ती नवी अट काढून, बूटलोडर अपडेट करून ते परत सुरू करता येत होतं. पण त्या सेटिंगला हात लावण्याआधी विंडोजच्या बिटलॉकर कुलपाची ४८ आकडी किल्ली कागदावर उतरवून घ्यायची. नाहीतर विंडोज दारातच ती मागतं, आणि ती कुठे ठेवलीय हे तेव्हा आठवत नाही.

घड्याळाचं विचारलं होतंस, ते राहिलंच. लिनक्समधून विंडोजमध्ये गेलं की वेळ साडेपाच तास मागे दिसते, ती बिघाडाने नाही. मशीनच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तिलाच आपली वेळ समजतं. फरक बरोबर आपल्या साडेपाच तासांचा. "टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १" दिलंस की दोघांचं जमेल. आणि विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद कर. ते चालू असलं की विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि मग लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही.

रविवारी एक ८ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन त्यावर उबंटू चढवून ठेव, आणि त्यावर चिकटपट्टी लावून "फक्त अडचणीला" असं लिही. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले तेव्हा आपण तुझ्या लॅपटॉपवर लिनक्स घातलं. तेव्हाच हा पेनड्राइव्ह मी तुला करून द्यायला हवा होता. आणि पुढे कधीही अशी स्क्रीन आली तर आधी मोबाइलने फोटो काढ, तिच्यावरची ओळ मोठ्याने वाच, मग मला फोन कर. रात्री कितीही वाजता.

आता ग्रब-इन्स्टॉल द्यायच्या आधीचं एकच काम. तुझ्या म्युझिक फोल्डरमध्ये "आत्या" नावाचं एक फोल्डर आहे. लॅपटॉप तुला देताना मीच ते ठेवलं होतं, सांगितलं नव्हतं. त्या एकवीसमधली एक ओवी मी तेव्हा आत्याला पाठवली होती, ती तिच्या जुन्या फोनवर सापडली. तीन मिनिटं बारा सेकंद. शेवटी आजी "झालं का गं?" म्हणून विचारते. ती फाइल आधी पेनड्राइव्हवर घे, एक मला पाठव, आणि मग एन्टर दाब.

तुझी ताई