चूक झाल्यानंतरची दोन मिनिटं

आई-बाबांनो, घरात तीन ते सहा वर्षांचं मूल असेल तर ‘माइक द नाइट’ ही कार्टून मालिका त्याच्या शेजारी बसून बघा. शेजारी बसून, हे महत्त्वाचं. मूल टीव्हीपुढे आणि आपण ओट्यापाशी, असं झालं तर ती नुसती करमणूक होते. तीही वाईट नाही म्हणा, पण या मालिकेत आपल्यासाठीसुद्धा बरंच काही आहे.

ही मालिका अलेक्झांडर बार यांच्या कल्पनेतून आली आणि २०११ मध्ये सुरू झाली. ब्रिटनच्या हिट एंटरटेनमेंटने आणि कॅनडाच्या नेल्वानाने मिळून ती काढली. ग्लेनड्रॅगन नावाचं मध्ययुगीन थाटाचं एक काल्पनिक राज्य आहे. राजा दूर सफरीवर गेलाय, राणी मार्था कारभार बघते. छोट्या माइकला वडिलांसारखं नाइट व्हायचंय, म्हणजे चिलखत चढवून, घोड्यावर बसून पराक्रम करायचाय. गॅलाहाड हा त्याचा घोडा, स्पार्की आणि स्क्वर्ट हे ड्रॅगन त्याचे सवंगडी. बहीण ईव्ही जादू शिकते आणि तिचे मंत्रही पुष्कळदा फसतात.

माइकचा उत्साह दांडगा आणि धीर कमी. सांगितलेलं अर्धवट ऐकतो आणि घोड्यावर टांग टाकतो. मग व्हायचा तो गोंधळ होतोच. त्यात त्याची तलवार मंतरलेली. ऐन मोक्याला मोठ्या आवेशाने उपसावी, तर पात्याऐवजी भलतीच वस्तू बाहेर येते. या क्षणी आपल्या मुलाकडे बघा. हातातला घास हातातच राहतो, आता काय निघणार म्हणून डोळे मोठे होतात आणि मग ते खदखदून हसतं. दिवसभर ‘सांडू नको’, ‘असं नाही, तसं’ ऐकणाऱ्या जिवाला चुकणारा दुसरा कुणीतरी भेटलेला असतो, आणि तोही चिलखत घातलेला! त्या हसण्यात केवढी सुटका असते.

पण मला तुम्हाला सांगायचंय ते हसण्यानंतरचं. गोंधळ टिपेला पोचला की माइक थांबतो. आपल्यामुळे हे झालं, हे त्याच्या ध्यानात येतं. बहुतेक वेळा ते त्याचं त्यालाच कळतं. राणी मार्था धावत येऊन कान धरत नाही. तो स्वतःच ठरवतो की आता हे नीट करायचं, आणि पुन्हा निघतो. गंमत म्हणजे तलवारीऐवजी हाती आलेली ती भलतीच वस्तूच कितीदा उपयोगी पडते.

आता आपल्या घरातलं दृश्य आठवा. चार वर्षांची मुलगी स्वतःच्या हाताने तांब्यातून पेल्यात पाणी ओतते. पेला भरतो, वाहतो, पाण्याचा ओघळ टेबलावरून खाली जातो. तिचा हात तसाच थांबतो, नजर आधी पाण्याकडे जाते, मग आपल्याकडे. त्या दोन मिनिटांत आपण काय करतो? ‘सांडलंस ना! तरी सांगत होते,’ असं म्हणून फडकं घेतो आणि पुसून मोकळे होतो. काम झटपट होतं खरं, पण चूक तिची असूनही निस्तरायची संधी मात्र आपण घेतली. तिला फडकं कुठे आहे ते माहीत असतं. थोडं थांबलो तर बहुतेक वेळा ती स्वतःच उठते. पुसताना आणखी पसरवेल, पसरवू दे. घाईच्या सकाळी हे जमत नाही, मला ठाऊक आहे. पण रविवारी तरी जमेल की नाही?

मध्ययुगीन युरोपात नाइट घडायलाही काही थोडका काळ लागत नसे. सरदाराचा मुलगा साधारण सातव्या वर्षी दुसऱ्या सरदाराच्या गढीत जाई. मेजावर वाढणं, निरोप पोचवणं, घोड्यांची निगा अशी कामं करत शिके. चौदाव्याच्या आसपास तो एखाद्या नाइटचा मदतनीस होई, त्याचं चिलखत घासूनपुसून ठेवी, आणि बहुधा विशीनंतर त्याला स्वतःला तो मान मिळे. शिकाऊपणाला इतकी वर्षं दिलेली. आपल्याला मात्र मुलाच्या बुटाची नाडी आठवड्याभरात जमायला हवी असते.

थोड्या मोठ्या, सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी ब्रिटनच्या आयटीव्हीवर २००२-०३ मध्ये ‘सर गॅडअबाउट’ ही विनोदी मालिका आली होती. मार्टिन बिअर्डस्ली यांच्या पुस्तकांवरून केलेली. पुस्तकांना टोनी रॉस यांची मोठी खट्याळ चित्रं आहेत. हा गॅडअबाउट आर्थर राजाच्या दरबारातला सगळ्यात नालायक नाइट, आणि तो मोठा माणूस आहे! मोठ्यांची अशी त्रेधा उडालेली बघणं हा या वयाचा हक्काचा आनंद आहे, तो त्यांना मिळू द्या. फक्त एक सांभाळा. पडद्यावरचं नाव घरातल्या पोराला चिकटवू नका. ‘आमचा गॅडअबाउट आला बघा!’ असं पाहुण्यांसमोर म्हटलं की पाहुणे हसतात, मूलही हसतं, पण आपण वेंधळेच आहोत हे ते मनाशी धरून बसतं.

आणि बघून झाल्यावर ‘मग काय शिकलास?’ असं कृपा करून विचारू नका. विचारायचंच तर ‘तुझ्या तलवारीतून काय निघावं?’ असं विचारा. उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

शेवटी खास बाबांसाठी एक सांगते. माइकचे वडील घरी नसतात, म्हणून त्याच्या मनात त्यांचं रूप एकदम थोर आहे, कधीच न चुकणारं. उशिरा घरी येणाऱ्या, कामानिमित्त परगावी राहणाऱ्या कितीतरी बाबांचं त्यांच्या मुलांच्या मनात असंच होत असतं. तेव्हा झोपताना मुलाला तुमच्या लहानपणची फजिती सांगा. सायकल शिकताना कुठे धडपडलात, कुणाच्या खिडकीची काच फोडलीत, मग घरी काय झालं आणि ते कसं निस्तरलंत, सगळं. आजी जवळ असेल तर तिलाही बोलवा, तिला त्यातलं तुमच्यापेक्षा जास्त आठवत असेल.