पूर्वजांचा शोध कसा घ्यावा?



एकोणिसाव्या शतकात कोकणातील अनेक माणसे मुंबई बंदरातून जहाजाने मॉरिशसला गेली. उसाच्या मळ्यांत करारावर मजुरी करणे हे त्यांचे काम. १८३४ पासून सुमारे पाच लाख भारतीय मजूर तेथे उतरले. त्यांचे वंशज आज मूळ गाव शोधतात. ते कसे?

१) आजी-आजोबांना विचारून, जन्म-विवाहाचे दाखले पाहत एकेक पिढी मागे जायचे.

२) उतरणाऱ्या प्रत्येक मजुराला एक क्रमांक मिळे. संगणकाच्या भाषेत हीच किल्ली. नावे सारखी असतात, क्रमांक एकाचाच.

३) मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जुन्या नोंदवह्या आहेत. क्रमांकावरून त्यांत वडिलांचे नाव, वय, जहाज आणि गाव सापडू शकते.

खरी अडचण पुढेच. कारकुनाने ऐकले तसे रोमन लिपीत लिहिले. त्या लिपीत त-ट, द-ड, न-ण सारखेच! धोंडू की ढोंडू? शिवाय 'वडगाव' महाराष्ट्रात कितीतरी. तालुका लिहिलेला नसेल तर शोध तिथेच थांबतो. अनेक घराण्यांत पूर्वजाचे नावच आडनाव झाले आणि मूळ आडनाव हरवले.

उद्या ट्रुगानिनातील नातवंडे आपल्यालाही असेच शोधतील. त्यांना पासपोर्टवरची रोमन अक्षरे मिळतील. खरा उच्चार आपणच लिहून ठेवायला हवा.

स्वाध्याय : स्वतःचे, वडिलांचे, आईचे, चारही आजी-आजोबांचे पूर्ण नाव आणि त्यांचे गाव, तालुका, जिल्हा देवनागरीत लिहून आणा.